मागच्या दारी आलेले मास्तर

परतूरजवळच्या आमच्या गावात उर्दू शाळेचे एक मास्तर आमच्या शेजारी राहत. ईदला त्यांच्याकडून शेवया, खारका, साखर असं सगळं कोरडंच यायचं. त्यांच्या हातचं शिजवलेलं आम्हाला चालत नव्हतं, आणि हे मास्तरांच्या बायकोला, भाबींना, कधी सांगावं लागलं नाही. माझा दिवाळीचा फराळ मात्र ते आवडीने खायचे. आपल्या घरात विटाळ किती कडक पाळतात, याचा मला तेव्हा तोराच होता.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकार आमच्या दारात आले. यजमान आत लपले होते. मास्तर येऊन आमच्या ओट्यावर बसले आणि रझाकारांना म्हणाले, आत जायचं तर आधी मला उचला. ते शिव्या घालत परत गेले. तेव्हापासून गावातल्या मुसलमानांनी मास्तरांशी बोलणं टाकलं.

मग पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली आणि वारं फिरलं. टोळकी मुसलमानांची घरं हुडकू लागली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मास्तर, भाबी आणि दोन मुली आमच्या मागच्या दारी उभे राहिले. कडब्याच्या खोलीत एक दिवस राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. यजमान शेतावर होते, सांगायचं मलाच होतं.

मी म्हणाले, घरात देव आहेत, विटाळ होईल. कडब्याच्या खोलीत कसले देव! खरं तर माझी गाळण उडाली होती. मी फडक्यात पीठ आणि डाळ बांधून भाबींच्या हातात दिली.

"वहिनी, चूल कुठं पेटवू?" भाबी म्हणाल्या. "धूर दिसंल ना त्याईला."

दुरडीत सकाळच्या भाकरी होत्या. त्या द्याव्यात हेसुद्धा मला सुचलं नाही, याची आज लाज वाटते.

मास्तर भाबींना हळूच म्हणाले, "त्यांना बी लेकरं हायेत. चला." मुलींना त्यांनी सलाम करायला लावला. मी कडी लावली आणि मला चक्क हायसं वाटलं.

संध्याकाळी यजमान शेतावरून तडक मास्तरांच्या घरी गेले. दार सताड उघडं, आत कुणी नाही. परत येऊन त्यांनी विचारलं, "मास्तर इकडं आल्ते का?"

मी न्हाई म्हणाले.

पुढे दोन दिवस ते मास्तरांना हुडकत शिवारभर हिंडले, आणि मी त्यांना हिंडू दिलं.