दारातली कर्दळ

कर्दळीची जागा मोरीपाशी. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे थोडा अळू आणि एक कर्दळ, ही आमच्या पनवेलातल्या परसाची ठरलेली जोडी. तिच्याकडे मुद्दाम बघायला कोणी जात नाही. पान हवं असलं की कापून आणायचं, झालं.

ती मी दारात लावली. तुळशीच्या शेजारी, रस्त्यावरून दिसेल अशी.

एकोणीसशे पन्नासच्या आसपासची गोष्ट. मी कचेरीत कारकून, एका मुलीचा बाप. पण घरात माझ्या शब्दाने पाटसुद्धा या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकत नव्हता. डाकबंगल्यात साहेबाच्या वेळची एक कर्दळ होती. पानं वांग्याच्या सालीसारखी काळपट जांभळी, आणि त्यावर गुलाबी फूल. लाल नव्हे, पिवळं नव्हे, गुलाबी! तिथल्या माळ्याला चार वेळा चहा पाजून मी कंद मिळवला आणि दिवाळी सरता सरता लावून टाकला.

कोंब वर आले तशी वडिलांची नजर गेली.

"ही मोरीवरची बया दारात कुणी आणली?"

"मी."

"मग मोरीवर नेऊन लाव."

"अण्णा, ही तसली नाही. हिला गुलाबी फूल येतं."

"येऊ दे. मोरीवर येऊ दे."

"ही इथेच राहील," मी म्हणालो. वाक्य ठणकावून म्हणायचं होतं, पण 'राहील'वर आवाज चिरकला. आत बायको हसल्याचं मला ऐकू आलं.

वडिलांनी चष्मा काढला. "पाडव्याला दारात गुढी उभी राहते. तोवर फूल दिसलं नाही, तर मी स्वतः कुदळ घेईन."

मी ईर्ष्येला पेटलो आणि झाडाची सेवा आरंभली. रोज सकाळी विहिरीचं एक तांब्याभर स्वच्छ पाणी, तेही हलक्या हाताने, पानांवर शिंतोडा न उडवता. झाड गुडघ्याएवढं होऊन थांबलं. मागच्या मोरीवरची हिरवी कर्दळ मात्र पुरुषभर उंच. "अहो, पानं करपलीत का हो?" बायको विचारी. "तो रंग आहे!" मी ओरडे.

भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी एकदा टोपली उतरवता उतरवता पाहिलं. "दादा, देवाला घालतात तसं पानी घालून हिचं काय व्हायचं नाय. हिला मोरीचंच पानी लागतं, भरपूर."

शहाण्या माणसाने कंद उचलून मागे नेला असता. मी मोरी पुढे आणली.

एका रविवारी घराच्या कडेने चर खणला आणि सगळं सांडपाणी अंगणात वळवलं. दुसऱ्या दिवशी वडील ओटीवर पेपर वाचत होते, आणि समोरून तांदळाचं धुवण, चहाचा चोथा आणि भाताची शितं दिमाखात निघाली. वडिलांनी पेपर वर केला, इतकंच. कर्दळ तरारली. आठवड्यात डासही तरारले. शेजाऱ्यांची तक्रार गेली आणि सॅनिटरी इन्स्पेक्टर सायकलवरून हजर झाला.

"हे काय चालवलंय? बुजवा आजच्या आज."

"आणि अंगणात अंघोळ केली तर चालते का?"

तो गोंधळला. "अंघोळीबद्दल काही नाही. पाणी साचता कामा नये, रस्त्यावर येता कामा नये."

चर बुजवला आणि दुसऱ्या दिवसापासून मी अंगणात अंघोळ करू लागलो. पौषातली थंडी, अंगावर पंचा, शेजारी बादली आणि कर्दळ. बाजाराला निघालेले लोक थांबून विचारत, "काय, न्हाणी पडली की काय?" मी डोळ्यांत साबण घेऊन सांगत असे, "नाही. हौस!" माझे हेडक्लार्क त्याच रस्त्याने जात. पहिले चार दिवस त्यांनी मान वळवली, पाचव्या दिवशी नमस्कार केला. मीही केला, आणि साबणाची वडी निसटून गटारात गेली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दांडा वर आला. कळ्या होत्या, पण घट्ट मिटलेल्या. आत कोणता रंग आहे ते माळ्यालाही सांगता आलं नसतं.

सकाळी वडील खरंच कुदळ घेऊन आले. मी अंगाला तेल लावून झाडाला खेटूनच बसलो होतो.

"ऊठ."

"सणाचं अभ्यंग चाललंय."

"लवकर आटप. गुढी उभारायचीय."

"अंघोळ झाली की उठेन. आणि झाड उठणार नाही."

या वेळी आवाज चिरकला नाही. रस्त्यावर पाच-सहा माणसं थबकली होती. तेवढ्यात बायको पदर खोचून बाहेर आली. कढत पाण्याची दुसरी बादली माझ्यापुढे ठेवून, सासऱ्यांकडे न बघता म्हणाली, "अजून एक बंब तापतोय. सावकाश होऊ द्या."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुदळ भिंतीला टेकवली आणि गुढी तुळशीच्या पलीकडच्या बाजूला उभारली.

फूल तिसऱ्या दिवशी उमललं. गुलाबी. मी वडिलांना हाक मारली नाही. तेच आले, हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"मोरीवर याहून मोठं आलं असतं," ते म्हणाले.

"आलं असतं," मी म्हणालो. "पण इथे आलंय."