कबरीचं बाळंतपण

रात्रपाळी करून चांदबी घरी आली ती भिंतीला धरत. सोलापुरातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात ती आया होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शाकीर रिक्षा चालवायचा. चहा प्यायचा आणि आडवं व्हायचं, याच्यापुढं तिच्या डोक्यात काही नव्हतं.

तेवढ्यात कॉटखालून कण्हल्यासारखा आवाज आला. वाकून बघितलं तर जुन्या चादरीच्या घडीवर घरातली मांजर, कबरी, व्यालेली. पोटाशी तीन पिलं. तिन्ही निपचित.

"या अल्ला, आता घरातबी हेच?" चांदबी खाली बसली.

तरी हात थांबले नाहीत. एकेक पिलू टॉवेलात घेऊन तिनं चोळलं, करंगळीनं तोंडातला चिकटा काढला, पाठीवरून अंगठा फिरवला. एका पिलाची मान आईसारखीच ठिपक्यांची होती. त्याला ती सगळ्यात जास्त वेळ चोळत राहिली. काही होणार नाही हे कळून चुकल्यावरही.

शेजारची सुंदरम्मा विड्या वळायचं सूप तसंच हातात घेऊन दारात आली. "मेलीत गं ती. आता घंटागाडी येईल, दे टाकून."

"थांब अक्का. तिला बघू दे."

चांदबीनं पिलं पुन्हा कबरीपुढं ठेवली. कबरी त्यांना चाटू लागली.

नोकरीला लागली तेव्हा चांदबीला सांगितलेलं होतं, बाळ मेलेलं निघालं तर आई शुद्धीवर यायच्या आत उचलायचं. ती उचलायची. पुढं जेऊरची एक बाई दुसऱ्या खेपेला आली. मुलगी झाली, छान रडली, तरी तिनं चांदबीचा हात सोडला नाही. "मावशी, माझं पयलं कसं दिसत हुतं? मला कुणी दावलंच न्हाय. तुमी बघितलं आसंल की." चांदबीला काहीच आठवेना. त्या दिवसापासून ती आईला विचारायची, बघायचंय का म्हणून. कुणी नको म्हणायची, कुणी तासभर मांडीवर घेऊन बसायची.

कबरी चाटता चाटता थांबली. तिला पुन्हा कळा आल्या, पण बाहेर काही येईना. पोट दगडासारखं लागत होतं, खालून काळपट हिरवं पाणी जात होतं.

"आत अजून एक हाय," चांदबी म्हणाली आणि शाकीरला फोन लावला.

"अम्मी, स्टेशनचं भाडं मिळालंय."

"ते सोड आणि ये."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं आणि बऱ्याच खटपटीनं चौथं पिलू काढलं. तेही गेलेलं. "उशीर झाला असता तर हीपण गेली असती," त्या म्हणाल्या. "दूध साठेल. पिळू नका, गार फडकं ठेवा. घाण वास आला किंवा ताप आला तर लगेच आणा. आणि सावरली की पिलं न होण्याचं ऑपरेशन करून घ्या."

घरी आल्यावर चौथंही इतरांशेजारी ठेवलं. कबरी त्यांना चाटायची, नाकानं ढकलायची, पुन्हा चाटायची. दुपार कलल्यावर ती आपणहून उठली, थोडं पाणी प्याली आणि दाराशी जाऊन पडली. तेव्हा चांदबीनं पिलं जुन्या ओढणीत गुंडाळली.

घरामागची जमीन उन्हानं तापून टणक झालेली. शाकीरची पहार उडून परत यायची. नळाला पाणी यायला अजून अवकाश होता, सगळ्यांच्या घरातली पिंपं तळाला गेलेली. सुंदरम्मा आत गेली, भरलेली कळशी आणून तिनं त्या जागेवर ओतली. माती भिजली. पहार आत गेली.

संध्याकाळी कबरी घरभर हिंडली. कॉटखाली, कपाटामागं, मोरीत. हाक मारायची, थांबायची, पुन्हा हाक मारायची. चांदबीला पुन्हा ड्यूटीवर जायचं होतं.

"जा तू. मी बघते," सुंदरम्मा म्हणाली.

पुढचे काही दिवस दोघींनी वाटून घेतले. चांदबी ओलं फडकं कबरीच्या पोटाला लावायची, चादर बदलायची, वास घेऊन बघायची. कबरी खायला तोंड लावत नव्हती. एका सकाळी सुंदरम्मानं कोंबडीचा उकडलेला तुकडा बोटांनी कुस्करून पुढं धरला, आणि तिनं तो खाल्ला. ते सांगायला सुंदरम्मा दारातच उभी होती. चांदबी नुकतीच रात्रपाळी संपवून येत होती.

"खाल्लं गं तिनं."

चांदबीनं मान हलवली. ती उंबऱ्यावरच बसली आणि तिला रडू आलं. दवाखान्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं ते. सुंदरम्मा शेजारी टेकली.

कबरी सावरली. दोनेक महिन्यांनी शाकीर तिला रिक्षातून ऑपरेशनला घेऊन गेला. आता तिची हाक ऐकू येते ती फक्त भुकेची.