मास्तरांचा तालुका चुकीचा नव्हता

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुबईत फरशा आयात करणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट होते. घर अल मनखूलला, ऑफिस तिथून चालत बारा मिनिटांवर. आमचा बहुतेक माल चीनमधून यायचा आणि तो तपासायला एक चिनी गृहस्थ होते, पन्नाशी ओलांडलेले. मायदेशी ते शाळेत इतिहास शिकवायचे. त्या पगारात भागेना म्हणून फरशांच्या कारखान्यात गेले आणि तिथून इकडे आले. गोडाऊनवरची आमची कोकणातली माणसं त्यांना मास्तर म्हणायची. मग सगळं ऑफिसच म्हणायला लागलं.

मास्तरांनी बायकोच्या व्हिसासाठी अर्ज केला. सहा वर्षं दोघं वेगळी राहत होती. कंपनीची सरकारी कामं करणारा जो माणूस होता, त्याला सगळे पीआरओ म्हणत. त्याने एका सकाळी फाइल माझ्या टेबलावर आपटली.

"शादी के सर्टिफिकेट पर एक जगह, बीवी के बर्थ सर्टिफिकेट पर दुसरी जगह. औरत एक है या दो?"

मास्तर शेजारीच उभे होते. त्यांना हिंदी येत नव्हतं. "काय म्हणाला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "दोन कागदांवर दोन ठिकाणं आहेत, असं म्हणतो." पुढचं वाक्य मी गिळलं.

ठिकाण एकच होतं. लग्न झालं तेव्हा मास्तरांच्या गावाचा श्येन स्वतंत्र होता. श्येन म्हणजे आपला तालुका समजा, जरा मोठा. नंतर सरकारने तो जवळच्या शहराला जोडला, त्याचा दर्जा बदलला, नावही बदललं. बायकोचा जन्मदाखला नव्याने काढला, त्यावर नवं नाव पडलं.

मॅनेजर आमचाच, भारतातलाच. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "इतकं काय त्यात? टाइप कर. लग्नाच्या दाखल्यावरचं ठिकाण कारकुनाच्या चुकीने पडलं आहे, असं लिही. खाली त्यांची सही घे. यल्ला, चल लवकर."

मी टाइप केलं. कबूल करते, हात जरासुद्धा अडखळला नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी असाच कागद केला होता. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी आणि पासपोर्टवर सिंधुदुर्ग. जिल्हा मधोमध फुटला त्याला मी काय करणार? पण पीआरओ म्हणाला म्हणून 'रत्नागिरी हे चुकीने लिहिलं गेलं' असं लिहून दिलं आणि सही ठोकली.

मास्तरांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. मग पेन टेबलावर ठेवलं.

"चूक माणूस करतो," ते म्हणाले. "हा सरकारचा हुकूम होता. माझं लग्न जिथे झालं ते गाव चूक आहे, असं मी लिहिणार नाही."

"मास्तर, नुसती सही आहे. वहिनी येतील."

"तिचंही गाव तेच आहे," ते म्हणाले.

त्या दिवशी दुपारी पँट्रीत त्यांनी मला त्यांच्या तालुक्याची हकीकत सांगितली. अगदी पहिल्या सम्राटाच्या काळात राजधानीतून एक अधिकारी आला. त्याने नदीकाठी मातीची भिंत बांधून घेतली आणि तालुका झाला. हान राजवटीत नदीला इतके पूर यायला लागले की कचेरी पलीकडच्या तीरावर हलवावी लागली. पुढे उत्तरेकडून घोडेस्वार आले, लोक दक्षिणेला पळाले, आणि तिथे परक्या मुलखात त्यांनी त्याच नावाचा तालुका मांडला. मागे जमीन राहिली, नाव लोकांबरोबर गेलं.

इथे मी डबा खायची थांबले. मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीत जमणारे आम्ही सगळे दुसरं काय करत होतो?

"मग?" मी विचारलं.

मग स्वेई राजांनी तालुकाच मोडला, शेजाऱ्यात घातला. थांग आले, त्यांनी परत उभा केला. पुढे एका सम्राटाच्या नावातलं अक्षर तालुक्याच्या नावात होतं. ते प्रजेने उच्चारायचं नाही, म्हणून अक्षर बदललं. मंगोलांनी बढती देऊन मोठा विभाग केला. मिंग आले, त्यांनी पुन्हा खाली उतरवलं. छिंगांच्या काळात दुसऱ्या प्रांताधिकाऱ्याखाली टाकलं, तेव्हा खटल्यासाठी चार दिवस चालत जावं लागे. मास्तरांच्या लहानपणी पुन्हा शेजाऱ्यात विलीन केला, काही वर्षांनी पुन्हा सुटा केला.

"आणि तुमचं गाव?" मी विचारलं.

"गाव तिथेच होतं. राजे येऊन जाऊन होते." ते हसले नाहीत. "दर काही पिढ्यांनी आमच्याकडे तालुक्याची बखर नव्याने लिहितात. कुठला अधिकारी कधी आला, नाव कधी बदललं, सगळं. एकाही राजवटीने आधीच्या नावाला चूक म्हटलेलं नाही. जुनं नाव लिहायचं, मग नवं. तुमचा मॅनेजर सम्राटापेक्षा मोठा आहे का?"

मॅनेजरने मला आत बोलावलं. "सही करत नाहीत ना? मग दाखल्याचं इंग्रजी भाषांतर तूच टाइप केलंस. त्यात जुन्या नावाच्या जागी नवं घाल. चिनी कोण वाचतंय?"

मी म्हटलं, "नाही घालणार."

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा सांगितलं. आवाज बरा लागला. "कागदावर जे आहे तेच मी टाइप करते. दुसऱ्याच्या गावाचं नाव मी खोडणार नाही. माझ्या जिल्ह्याचं एकदा खोडलंय, ते पुरे झालं."

"तुझ्या जिल्ह्याचा इथे काय संबंध?"

"तो तुम्हाला नाही कळणार, सर."

तीन दिवस लंच टाइममध्ये मास्तर सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. राजवट, तालुक्याचं नाव, कोणाच्या अखत्यारीत, कचेरी कुठे. सगळं एका पानात बसवलं. शेवटच्या ओळीत लिहिलं की वरील सर्व नावं बरोबर आहेत. त्याखाली मास्तरांनी सही केली, ठसठशीत, दोन भाषांत.

ते पान घेऊन ते चिनी वकिलातीत गेले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेले, कारण पान मी टाइप केलं होतं आणि कोणी काही विचारलं तर उत्तर देणार होते. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने पान सावकाश वाचलं. मग मास्तरांशी चिनीत काहीतरी बोलला, आणि मास्तर पहिल्यांदा मोकळे हसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "तो शेजारच्या तालुक्यातला निघाला. म्हणतो, विलीन होतो तेव्हा आमच्या वाट्याचं धान्य तुम्ही खाल्लंत."

चार दिवसांनी शिक्क्याचं पत्र मिळालं: अमुक श्येन आणि आजचा अमुक भाग ही एकाच ठिकाणाची दोन नावं आहेत. पीआरओने ते पत्र फाइलला लावलं आणि पुढच्या आठवड्यात व्हिसा घेऊन आला. मला म्हणाला, "तुमने फालतू में इतना लंबा किया."

मॅनेजर विसरला नाही. महिन्याभरात मला ऑफिसमधून अल क्वोझच्या गोडाऊनवर टाकलं. पत्र्याची शेड, धुळीने भरलेला कॉम्प्युटर, एक डुगडुगता पंखा. नवरा चिडला. "चीनच्या तालुक्यासाठी एसी घालवलास," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, घालवला. उद्या सांगितलं तरी तेच करेन." दीड वर्ष तिथे काढलं आणि मग नोकरी बदलली. त्या दीड वर्षात मॅनेजरसमोर मान खाली घातली नाही. माल सोडायची चलनं टाइप केली, एकही चुकवलं नाही, त्याला बोट दाखवायला जागा ठेवली नाही.

मास्तरांची बायको हिवाळ्यात आली. ठेंगणी, कष्टाने रापलेली बाई, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. दुसऱ्याच शुक्रवारी दोघं आमच्या घरी आले. तिने घरून आणलेल्या वाळवलेल्या शेंगा आणि मिठातल्या भाज्यांची बरणी माझ्या हातात दिली आणि काहीतरी लांबलचक बोलली.

"काय म्हणतात?" मी मास्तरांना विचारलं.

"भाजी कुठली ते सांगतेय," मास्तर म्हणाले. "तालुक्याचं नाव घेतलं तिने. जुनं."

मी बरणी उघडली आणि भात टाकला.