निरोपाचा खाऊ

जपानमध्ये हॉलंड आहे, हे आम्हाला आम्ही राहतो त्या ओजिमा भागातल्या, आमच्याच इमारतीतल्या शेजारणीने सांगितलं. नागासाकीच्या बाजूला, समुद्राला लागून, विटांची घरं, कालवे, पवनचक्क्या, ट्यूलिपचे ताटवे असं आख्खं डच गाव बांधून ठेवलंय म्हणे. तिकीट काढायचं आणि आत हिंडायचं. "फोटो काढून सासरी पाठव, युरोप म्हणून सहज खपतील," ती म्हणाली. मी हसले आणि विसरून गेले. नवऱ्याने मात्र ते मनावर घेतलं. मार्च लागला तसा त्याने आपणहून रजा टाकली, विमानाची तिकिटं काढली, त्या गावातल्याच हॉटेलात खोली घेतली आणि म्हणाला, "आरामात फिरू. घाई नको."

पुण्याहून इथे प्रोजेक्टवर आल्यापासून हा माणूस घाईशिवाय दुसरं काही बोललेला मी ऐकला नव्हता. मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण थोडी शंकाही आली.

तेव्हा मला नोकरी लागली होती. साधीसुधी नाही. डबे भरायच्या दुकानात बाइतो, म्हणजे तासावारी काम, करून झालं होतं. वॉर्डातल्या आजीबाईंच्या फुकट वर्गाला जाऊन भाषा शिकून झाली होती. परीक्षा देऊन झाली होती. आता कांदा नावाच्या भागातल्या एका कंपनीला भारतीय इंजिनिअर आणि जपानी ग्राहक यांच्या मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगणारं माणूस हवं होतं, आणि ते माणूस मी होते. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं होतं. अडचण एकच, माझा व्हिसा डिपेंडंट. नवऱ्याचा आहे तोवर माझा. तो बदलून घ्यायचा अर्ज इमिग्रेशनमध्ये पडला होता आणि तो मंजूर होईपर्यंत नवऱ्याचं बस्तान इथेच असायला हवं होतं. मध्येच हललं तर काय होईल, हे मला कुणी धड सांगत नव्हतं. रोज सकाळी खाली टपालपेटी उघडताना माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "थंडीचं नीट घेऊन जा गं. नव्या ठिकाणची हवा मानवायला वेळ लागतो."

"आई, दोन दिवसांचं तर फिरणं आहे. तुम्ही नका काळजी करू," मी म्हटलं. त्या एकदम पापडाविषयी बोलायला लागल्या.

गाव खरंच सुंदर होतं. विटा सुद्धा तिकडून आणल्यासारख्या. कालव्याच्या पाण्यात उंच मनोऱ्याची सावली, पुलावर फुलांच्या कुंड्या, आणि डच झालर लावलेला एप्रन घालून कमरेत वाकून नमस्कार करणाऱ्या जपानी मुली. गर्दी बेताचीच होती. समुद्रावरून बोचरा वारा यायचा. आम्ही बाकावर बसून घरून नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

नवरा वागत होता मात्र पाहुण्यासारखा. "तुला पाय दुखत नाहीत ना?" "तू म्हणशील तिकडे जाऊ." चीजच्या दुकानात किंमत न बघता त्याने माझ्यासाठी चीजचं एक आख्खं गोल चाक घेतलं. आणि सारखं एकच चालू होतं: घरं कशी छान आहेत, नाही? खिडक्या किती मोठ्या. सायकलवर कुठेही जाता येत असेल. अशा ठिकाणी राहायला मजा येईल, नाही?

"हे राहायचं नाहीये, बघायचं आहे," मी म्हटलं. "आणि खिडक्या मोठ्या असल्या की पुसायला कोण लागतं?"

तो हसला, पण उशिरा हसला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं हसू उशिरा आलं की बायकोला कळतं. रात्री मला झोप लागली नाही असं मी सांगणार नाही, लागली. पण सकाळी उठले ती भांडायच्या तयारीतच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "तू ट्यूलिप बघ, मी ऑफिससाठी खाऊ घेतो." हे नेहमीचंच. इथे रजेवर गेलं की परत येताना ऑफिसातल्या प्रत्येकासाठी काहीतरी खायचं आणायचं असतं. नाही आणलं तर कुणी बोलत नाही, पण सगळे लक्षात ठेवतात. मी फुलांकडे वळले. पाचेक मिनिटांत दुकानाच्या दारातून त्याची हाक आली. चेहरा पडलेला.

आमच्या घरात जपानी माझ्याकडे होतं. त्याचं काम इंग्रजी मेलवर निभायचं. त्याला आपलं नाव आणि हॉटेलातला मेनू वाचण्यापुरती काताकाना लिपी यायची, बस्स. डॉक्टर, घरमालक, कचऱ्याच्या वारांवरून होणारी शेजाऱ्यांची बोलणी, सगळ्यात मी मध्ये. आणि माझा एक नियम होता: सांगितलं तेवढंच सांगायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. नोकरी मला मिळाली ती या शिस्तीवरच.

दुकान कास्तेरा केकचं होतं. गल्ल्यावरच्या बाईंनी दोन मोठी खोकी काढून ठेवली होती. मी आल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या भराभर बोलल्या आणि मी सवयीने भराभर मराठीत सांगत गेले, "त्या म्हणतात, वरच्या कागदावर नुसते आभार लिहायचे, की नोकरी सोडताना देतात तसं निरोपाचं लिहायचं? कारण तू मघाशी त्यांना निरोपाचं वाक्य..."

तोंड पुढे गेलं होतं. कान मागून आले.

म्हणजे हा एकटाच आत येऊन, कुणा सहकाऱ्याने पाठ करून दिलेलं वाक्य म्हणाला होता. इतके दिवस सांभाळून घेतलंत, आभारी आहे. इथे हे वाक्य माणूस ऑफिस सोडताना म्हणतो. वाक्य त्याला येत होतं. त्याच्यावर कुणी उलट प्रश्न विचारेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. प्रश्न आला, आणि त्याने सवयीने मलाच हाक मारली.

बाई हसऱ्या चेहऱ्याने उत्तराची वाट बघत होत्या.

"निरोपाचं सांग," तो खाली बघत म्हणाला.

मी सांगितलं. आवाजसुद्धा चढू दिला नाही. बाई म्हणाल्या, बांधून ठेवते, थोड्या वेळाने या.

बोटीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, म्हणून आम्ही बोटीत बसलो. काचेच्या छताची बोट, समोर एक म्हातारं जपानी जोडपं, आणि आम्ही.

"कुठे?" मी विचारलं.

"अ‍ॅमस्टरडॅम. इथलं प्रोजेक्ट बंद होतंय गं. तिकडे जा नाहीतर पुण्याला परत, असं म्हणाले. एप्रिलमध्ये."

"आणि तू हो म्हणालास."

"म्हणावं लागलं. तुला विचारणारच होतो. इथे आल्यावर, निवांतपणे."

"विचारणार होतास की दाखवणार होतास? आणि आईंना कधीच सांगून झालंय ना?"

तो काचेतून पूल बघायला लागला. ध्वनिवर्धकावर कुठला पूल, कुठला मनोरा याची जपानी माहिती चालू होती. "काय सांगतोय तो?" त्याने विचारलं. विषय बदलायचा तर असा.

"स्वतः ऐक."

मला राग आला होता, आणि भीती जास्त वाटत होती. तो गेला की माझा व्हिसा लोंबकळणार. अर्ज नामंजूर झाला तर एकटीने कुणाकडे जायचं? आणि मंजूर झाला तर ओजिमाच्या त्या घराचं भाडं, तो रिकामा पलंग, सगळं एकटीचं. हे सगळं मी त्याला म्हणालेसुद्धा.

"म्हणूनच म्हणतो, चल ना. तुला तिकडेही काहीतरी मिळेल."

काहीतरी. आजीबाईंच्या वर्गात गिरवलेली ती सगळी चित्रलिपी माझ्या डोळ्यांपुढून गेली. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला खरंच कळत नाहीये, हे मला कळलं. त्या कळण्यानेच रडायला आणलं मला.

तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी खुणेने कॅमेरा मागितला. तुमचा दोघांचा काढते म्हणाल्या. आम्ही हसलो. मागे पवनचक्की. तो फोटो सासूबाईंनी नंतर फ्रेम करून हॉलमध्ये लावला, आणि येणारा-जाणारा म्हणतो, किती खुशीत आहात.

दुकानात परत गेलो तेव्हा एक खोकं तयार होतं, ऑफिसचं. दुसरं आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांसाठी होतं. घर सोडताना त्यांनाही द्यायचं असतं, हे सुद्धा त्याला कुणीतरी शिकवलेलं. बाईंनी मला विचारलं, यावर नाव काय लिहू? शेजाऱ्यांना देताना बहुधा नुसतं आडनाव लिहितात. आडनाव लिहिलं की सगळं घर आलं.

मी त्याला शब्द न् शब्द सांगितलं.

"मग आडनावच," तो म्हणाला. "नेहमीसारखं."

बाई लेखणी धरून थांबल्या होत्या. मी त्यांना आडनाव सांगितलं, आणि त्याच्यापुढे त्याचं नाव. सावकाश, एकेक अक्षर. त्यांनी पांढऱ्या पट्टीवर सुंदर अक्षरात लिहिलं, फुंकर घातली आणि खोकं दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

काताकाना त्याला येत होती. बोट ठेवून, ओठ हलवत तो वाचत गेला आणि शेवटाला अडखळला.

"मी आडनाव म्हटलं होतं ना?"

"आडनावात मी पण येते," मी म्हटलं.