पाहुण्यांकडे काही मागायचं नसतं

परदेशी पाहुणे येणार म्हणून आमच्या शाळेच्या संडासाला दार बसलं, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला. ते दार मी कितीतरी पावसाळे मागत होते. ग्रामपंचायतीला सांगून झालं, पंचायत समितीला सांगून झालं, आणि शेवटी पोरींना एकमेकींच्या राखणीला उभं राहायची सवयच लागली. आता दार आलं, त्याला निळा रंग लागला, आतून कडीही बसली. मी घरी फोन करून नवऱ्याला म्हटलं, या गावाला पोरींची लाज नाही, गोऱ्यांची आहे. तो म्हणाला, लागलं ना दार, मग आता गप बस. गप बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. देवरीहून हायवेने थोडं जायचं आणि मग जंगलात आत वळायचं. गावात झाडीबोली चालते, पण नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वेगळ्या वस्तीवर, सगळी घरं गोंडी बोलणारी. टोल्यावरचं पोर पहिलीत यायचं ते गोंडीखेरीज एक शब्द न घेता. मी अर्जुनी मोरगावकडची, मला गोंडी येत नाही. पोर रडायचं, आणि त्याचं पोट दुखतंय की घरी जायचंय हे मला कळायचं नाही. आमच्या पहिलीत अर्धा दिवस असा मुक्यानेच जायचा.

मग ती योजना आली. पैसा परदेशातल्या एका बँकेचा, त्यात आणखी दोन-तीन देशांची भर. तो दिल्लीला यायचा, तिथून मुंबईला, मुंबईहून गोंदियाला, आणि गोंदियाहून आमच्याकडे. माझ्या माहेरी तलावाचं पाणी असंच यायचं. पाळीजवळची, म्हणजे तलावाच्या बांधालगतची शेतं आधी भिजायची, टोकाच्या शेताला उरलंसुरलं. टोकाच्या माणसाने पाळीवर जाऊन माझं शेत कोरडं आहे म्हणून ओरडायचं, त्यात कोणाला लाज वाटत नसे. माझे वडील टोकाचेच. त्यांचा आवाज अख्ख्या गावाला ठाऊक होता, आणि शेताऐवजी तो आवाजच माझ्या वाट्याला आला.

टोकापर्यंत जे पोचलं ते म्हणजे एक बाई. भाषा मदतनीस असं तिच्या पदाचं नाव. टोल्यावरचीच, दहावी झालेली, पस्तिशीच्या आतली. मी मराठीत सांगायचे, ती गोंडीत सांगायची, आणि हळूहळू गोंडी कमी करत न्यायची. पोरं तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशी म्हणू लागले. एका पावसाळ्यात वर्गाचा नूर पालटला. टोल्यावरची पोरं भांडू लागली, चहाड्या करू लागली, माझ्या साडीला हसू लागली. मुकी पोरं चहाड्या करू लागली याचा आनंद शिक्षकालाच कळेल.

एकच पोर मागे राहिली होती. टोल्याच्या अगदी शेवटच्या घरातली, आजीपाशी वाढलेली. आधी ती कोणाशीच बोलत नव्हती, मावशीचा पदर धरून बसायची. दिवाळीच्या सुमाराला ती मावशीशी गोंडीत बोलू लागली. एकदा कोंबडीची काहीतरी लांबलचक गोष्ट सांगितली, ती संपेना, आणि मावशी हसून हसून बेजार झाली. मावशी मला म्हणाली, हिला अजून एक वर्ष द्या, मराठीत आणते. मी म्हटलं, तू आहेस तर येईल.

पण ते वर्ष आमच्या हातात नव्हतं. केंद्रप्रमुखांनी सरळ सांगितलं होतं की पाहुणे तपासायला येत आहेत. गरज दिसली तर मदतनीस पुढे चालू राहील, नाही दिसली तर तो आधार दुसऱ्या शाळेला जाईल.

मी शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतली. सगळ्यांना बजावलं, काय कमी आहे ते मोकळेपणी सांगा, मावशी हवी म्हणून मागा. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर सभेत चर्चा झाली ती जेवणाची. नव्या तांदळाचा भात ठरला, लाखोरी डाळीचे वडे ठरले, कोणाकडची ताटं आणायची ते ठरलं. एका घरच्या लग्नातली सतरंजी आली. वर्गाची ओल आलेली भिंत नकाशा लावून झाकली. मी नकाशा काढला, त्यांनी परत लावला. अध्यक्ष म्हणजे टोल्यावरचे एक म्हातारे, शांत माणूस. ते मला समजावत म्हणाले, "मॅडम, पाव्हणा आला का त्याले आपलं उणं दाखवाचं नाई."

मावशीने तर कहर केला. तिने टोल्यावरच्या पोरांकडून मराठी कविता घोटून घेतल्या. मी म्हटलं, अगं, ही पोरं अशी फाडफाड बोलली तर तुझी गरज काय दिसणार? ती म्हणाली, पोरायची फजिती नाही झाली पाहिजे.

पाहुणे आले. दोन परदेशी, एक उंच बाई आणि एक टकलू गृहस्थ, बरोबर मुंबईचा दुभाषा आणि साहेबांच्या गाड्या. दारात पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. बाईंना आधी कळेना, मग त्यांनी बूट काढून मनापासून पाय धुतले. माणसं वाईट नव्हती. मला त्यांचा राग करायचा होता, पण तो काही आला नाही. त्यांनी वह्या पाहिल्या, पोरांच्या कविता ऐकल्या. मी जागा मिळेल तिथे बोलत होते की ही पाठ केलेली कविता आहे, समजून बोलायला अजून वेळ लागतो. दुभाषा माझ्या चार वाक्यांचं एक करून सांगत होता, आणि केंद्रप्रमुख साहेब माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते.

मग त्या बाई खाली बसल्या, नेमक्या त्या शेवटच्या घरातल्या पोरीसमोर. तुला शाळेत काय हवंय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. दुभाष्याने ते मराठीत केलं, मावशीने गोंडीत. वर्गात सगळे थांबले. पोरीने मावशीचा पदर सोडला आणि बोलू लागली. बरंच बोलली. मधेच तिने मावशीकडे बोट दाखवलं, दाराकडे दाखवलं, पुन्हा मावशीकडे. अध्यक्षांना सगळं कळत असणार, ते खाली सतरंजीकडे पाहत राहिले. मावशीचा चेहरा लाल झाला.

"काही नाई पाहिजे म्हणते," मावशी म्हणाली. "सगळं हाय म्हणते."

दुभाष्याने ते इंग्रजीत केलं. बाई हसल्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी मधे पडून म्हणाले, एवढं बोलली आणि उत्तर एवढंच? तेवढ्यात साहेबांनी जेवण निवतंय म्हणून सगळ्यांना उठवलं. वडे पाहुण्यांना फार आवडले. निरोपाच्या वेळी पाहुण्यांनी काय पाहिजे म्हणून विचारलं तेव्हाही अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं, तुम्ही आलात, बस झालं.

जानेवारीच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, केंद्रप्रमुखांनी आमच्या शाळेचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. पाहुणे खूश होते. मुलं छान बोलतात, समाधानी आहेत, इथला आधार आता जास्त गरजेच्या शाळेला द्यावा, असं त्यांनी कळवलं होतं. मी उभी राहून भांडले. साहेब म्हणाले, मॅडम, कौतुक झालंय, आणि तुम्ही रडून राहिल्या. खरंच रडत होते मी. शेजारचे गुरुजी माझा हात ओढून मला खाली बसवत होते.

महिन्याअखेरीला मावशीचं काम संपलं. फेब्रुवारीत टोल्यावरची माणसं तेलंगणात मिरची तोडायला निघाली, त्यांच्यात ती होती. मला कळलं तशी मी हायवेवर गेले. झाडाखाली बोचकी ठेवून सगळे गाडीची वाट पाहत होते. मी तिला विचारलं, ती पोर त्या दिवशी काय म्हणाली होती?

तिने आधी टाळलं. मग बोचक्याची गाठ घट्ट करत सांगितलं की पोर म्हणाली, या मावशीला दुसरीतही माझ्यासोबत राहू द्या. ती नसली तर मी दारातूनच घरी जाईन.

मला संताप आवरेना. मी म्हटलं, अगं, नेमकं हेच तर त्यांना ऐकायचं होतं. हे का नाही सांगितलंस?

"कशी सांगू मॅडम? पाव्हण्याले कोनी मांगते का? अन् थे तर मलेच मांगत होती. माह्या तोंडानं मी मलेच कशी मांगू?"

पाळीवर ओरडणाऱ्या वडिलांचा आवाज माझ्याकडे होता, पण तिथे त्याचा काही उपयोग नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. गाडी आली, ती चढली, आणि मला म्हणाली, पोरीकडे पाहा.

मी पाहते. पोर येते, दारापाशी बसते. बोललेलं तिला आता बरंचसं समजतं, पण ती बोलत नाही. मी अध्यक्षांकडून थोडी गोंडी शिकू लागले, तर ती माझ्या तोंडाकडे नुसती पाहते. परवा मात्र ती आपणहून माझ्या टेबलाशी आली. माझा पदर धरला आणि गोंडीत बोलू लागली, बराच वेळ, दाराकडे बोट दाखवत. मी शिकलेल्या थोड्याशा गोंडीतला एकही शब्द मला त्यात सापडला नाही. तिच्या बाकावर बसणारी टोल्यावरचीच एक पोरगी आहे, आता मराठी अगदी स्वच्छ बोलते, मावशीने घडवलेली. मी तिला जवळ बोलावून विचारलं, काय म्हणते गं ही?

तिने एकदा मैत्रिणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली.

"काही नाई म्हणते मॅडम," ती म्हणाली.