डावं फूल

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या आतड्याला क्रोनचा आजार झाला होता, आतडं सुजून सडत चाललं होतं. पुण्याच्या सर्जनने वडिलांना दोन वाटा सांगितल्या. सडलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली टोकं जोडायची, ही एक. तो भाग आत तसाच ठेवून, त्याला वळसा घालून चांगलं आतडं चांगल्याला जोडायचं, ही दुसरी. पहिलीत जिवाला धोका जास्त, दुसरीत रोग पोटातच राहणार. "विचार करून सांगा," तो म्हणाला. विचार कसला, डोंबलाचा! मला दोन्ही ऐकूनच घाम फुटला होता.

आमच्या मुळशीकडे अडलेली गोष्ट देवाला विचारतात. आईने भैरोबाला कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर कापायचं, डावं पडलं तर न कापता नुसता वळसा घालायचा. मी पोट दाबून बघत होतो. डावं पडलं. वडिलांनी सर्जनला तसं बजावलं.

शुद्धीवर आलो तेव्हा सर्जन सांगत होता, "आतडं फुटायच्या बेतात होतं. कापावंच लागलं." ऐकायला वडील आणि मी, दोघेच होतो.

टाके सुकल्यावर आई आम्हाला घेऊन देवळात निघाली. कौल पाळला म्हणून पोर वाचलं, असं वाटेत भेटेल त्याला सांगत होती. पायरीवर वडिलांनी माझा दंड आवळला. रानडुकरामागे काठी घेऊन धावणारा माणूस तो, पण देवाकडे पाठ करून वाकला.

"कापलंय, ह्ये देवाला कळाया नगं," ते कानात म्हणाले.