समितीपुढे न आलेलं नाव

मधुवंतीचा फोन आला तेव्हा मनोहर गोळे सिंगापुरात आंग मो किओच्या आपल्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसले होते. “बाबा, गव्हर्नरनं माझं नाव पाठवलंय,” ती म्हणाली. कुठं पाठवलंय, हे त्यांना पटकन कळेना. पण त्यांच्या बायकोला, सुलेखाबाईंना कळलं. त्यांनी ओल्या हातानंच फोन ओढून घेतला.

मनोहर इथल्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी करायला पुण्याहून आले, तेव्हा मधुवंती कडेवर होती. ती इथंच शिकली, पुढं वकिलीसाठी अमेरिकेला गेली आणि तिकडचीच झाली. मोठाल्या कंपन्यांची कामं सोडून ती वृद्धाश्रमात हाल होणाऱ्या म्हाताऱ्यांचे खटले लढवायची. आता तिच्या राज्याच्या गव्हर्नरनं तिला वृद्धाश्रमांची लोकपाल नेमायचं ठरवलं होतं. सगळ्या राज्यातल्या आश्रमांवर देखरेख ठेवायची, कुठंही न सांगता जाऊन दार वाजवायचं, असं ते पद.

“पण अजून झालं काहीच नाहीये,” मधुवंतीनं समजावलं. “गव्हर्नर नुसतं नाव देतो. ते सिनेटकडे जातं. तिथली समिती मला समोर बसवून प्रश्न विचारणार, मग सिनेट मत देणार. तोवर मी कोणी नाही.”

“उत्तरं द्यायला तू काय कमी आहेस का कुणाला?” सुलेखाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

त्या दिवसापासून मनोहरांना एक नवंच काम लागलं. सकाळी चहा ठेवला, की टॅबवर त्या समितीचं पान उघडायचं. पुढच्या बैठकीत कुणाकुणाची नावं घेणार, ते तिथं लागायचं. जंगलखात्याचा प्रमुख आला, दोन न्यायाधीश आले, विद्यापीठाच्या मंडळावरची कुणी बाई आली. मधुवंती गोळे काही येईना.

मार्चमध्ये सुलेखाबाईंचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या. मग स्कॅन झाला. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर तरुण होती, तमिळ. तिनं आधी सुलेखाबाईंचा हात धरला आणि मग बोलली. टॅक्सीनं दोघं घरी आले. लिफ्टमध्ये सुलेखाबाई म्हणाल्या, “मधूला सांगायचं नाही.”

“अगं, असं कसं?”

“ती कळल्याबरोबर विमानात बसेल. दोन दिवस आधी सांगून बोलावतात म्हणे समितीत. नेमकी तेव्हाच ती इथं असली तर? एकदा तिला तिथं बसू दे, मग बोलवा.”

“आणि तोवर...”

“तोवर मी कुठं जात नाही. अहो, ऐका ना माझं.”

त्यांनी ऐकलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत आली होती आणि असल्या बाबतीत ते नेहमीच तिचं ऐकत आले होते.

व्हिडिओ कॉल आला की सुलेखाबाई खिडकीकडे पाठ करून बसायच्या, म्हणजे चेहरा अंधारात राहायचा. “आई, बारीक झालीस का गं?” मधुवंतीनं एकदा विचारलंच. “बिशानच्या पार्कात चालते रोज. तुझ्या बाबांना विचार.” मनोहरांनी मान डोलावली आणि कॉल संपल्यावर ते उगाच गॅलरीतली कुंडी सरकवत उभे राहिले.

नाव का येत नाही, ते एप्रिलमध्ये कळलं. त्या राज्यात एक रीत होती, कायद्यात कुठंच नसलेली. ज्या भागातला उमेदवार, त्या भागाच्या सिनेटरनं होकार दिल्याशिवाय समिती नाव घेतच नाही. त्यानं नकार द्यायलाही नको, कारण सांगायलाही नको. नुसतं गप्प बसायचं. मधुवंतीनं ज्या आश्रमांविरुद्ध खटले जिंकले होते, ते सगळे त्याच सिनेटरच्या भागात होते.

“तू भेटलीस का त्याला?” मनोहरांनी विचारलं.

“दोनदा. फार छान बोलतो, बाबा. कॉफी दिली. सिंगापूरचं विमानतळ किती सुंदर आहे, ते सांगत बसला. माझ्या नावाचा विषय मी तीनदा काढला, तीनदा त्यानं खिडकीबाहेर बघितलं.”

मे महिना उजाडला तेव्हा सुलेखाबाईंना अंथरुणातून उठवेना. घरी येणारी नर्स मॉर्फिनचं औषध द्यायची. त्याची गुंगी उतरली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “आलं का हो नाव?”

एका रात्री त्यांना झोप लागलेली पाहून मनोहर स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून त्यांनी त्या सिनेटरच्या कार्यालयात फोन लावला. आयुष्यात कुणाकडे शब्द टाकायला ते कधी गेले नव्हते. पलीकडे एक मुलगी होती, आवाजानं अगदी पोर.

“सर, तुम्ही आमच्या मतदारसंघात राहता का?”

“नाही. मी सिंगापूरला राहतो. मधुवंती गोळेचा बाप आहे मी.”

“तुमचं म्हणणं मी नोंदवून घेते, सर. आणखी काही?”

मनोहरांनी फोन ठेवायला हवा होता. पण तिनं इतक्या मऊपणानं विचारलं, की त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तिची आई फार आजारी आहे. ती सुनावणी एकदा झाली, की पोरीला इकडं येता येईल. एवढंच सांगा साहेबांना.”

“सांगते, सर,” ती म्हणाली. तिनं खरंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मधुवंतीचा फोन आला. मागं विमानतळाची घोषणा ऐकू येत होती. “आईला काय झालंय?” सिनेटरच्या माणसानं तिला गाठून हळहळ व्यक्त केली होती. अशा वेळी तुम्ही आपणहून नाव मागं घेतलंत तर कुणीही नावं ठेवणार नाही, असंही वर म्हणाला होता.

ती पोचली तेव्हा सुलेखाबाई बेशुद्ध होत्या. मधुवंती बॅग दारातच टाकून आत गेली आणि आईच्या उशाशी डोकं टेकून बसली. “आई, मी आलेय गं,” असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सुलेखाबाईंची बोटं एकदा हलल्यासारखी वाटली, पण नर्स म्हणाली, ते आपोआपही होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

मंडाईच्या स्मशानात सगळं उरकल्यावर त्या दोघांनी बोटीनं जाऊन अस्थी समुद्रात सोडल्या. परतताना मधुवंती पहिल्यांदा बोलली. “मला त्याच्या माणसाकडून कळलं, बाबा. तुमच्याकडून नाही.”

“तिनं शपथ घातल्यासारखं केलं होतं. तिला वाटत होतं, तुझं नाव एकदा...”

“तिला माझं नाव पुढं यायला हवं होतं. मला ती हवी होती.”

आपण त्या कार्यालयात फोन केला नसता तर ती शेवटच्या दिवसालाही पोचली नसती, हे मनोहरांच्या मनात आलं. आणि मार्चमध्येच तिला केला असता तर दोन महिने आईजवळ राहिली असती, हेही आलं. ते पाण्याकडे बघत राहिले. मधुवंतीनं त्यांच्या हातावर हात ठेवला नाही, पण बाकावर ती जरा त्यांच्या बाजूला सरकून बसली.

जूनअखेर सिनेटचं अधिवेशन संपलं. मतच झालं नाही, तेव्हा नाव आपोआप गव्हर्नरकडे परत गेलं. पुन्हा पाठवायचं का, असं विचारायला तिकडून फोन आला, तेव्हा मधुवंती अजून आंग मो किओतच होती, आईच्या साड्यांच्या घड्या घालत. “दुसरं कुणी बघा,” एवढंच ती म्हणाली. आठवड्यानं ती परत गेली आणि आपल्या जुन्या खटल्यांना लागली.

तिकडच्या हिवाळ्यात नवं नाव गेलं, दुसऱ्या भागातल्या एका माणसाचं. मनोहरांनी सकाळी त्या बैठकीचं चित्रीकरण लावलं. ती खोली ते पहिल्यांदाच बघत होते. लाकडी अर्धगोल टेबल, मधोमध उमेदवाराची एकटी खुर्ची. माणूस बरा वाटला, नीट बोलला. मग एक बाई एकेक नाव पुकारू लागली आणि टेबलावरचे सगळे ओळीनं होकार देत गेले. समोरचा चहा निवायच्या आत सगळं आटोपलं. मनोहरांनी चित्रीकरण शेवटपर्यंत पाहिलं, मग टॅब बंद केला आणि एकट्यापुरता भात लावायला ते उठले.